दोन तास जायचं, दोन तास यायचं

डायलिसिसला चार तास लागतात. माझ्या बायकोची सकाळी सहाची पाळी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार. साडेपाचला वर्ध्याच्या घरून निघायचं, दवाखान्यात वजन करायचं, नर्स हातात दोन सुया लावून मशीन सुरू करायची, आणि मग मला दहापर्यंत काही काम नसायचं. पहिले दोन महिने मी बाहेरच्या बाकड्यावर बसून काढले. एक दिवस तीच म्हणाली, "तुम्ही तिथं बसल्याने माझं रक्त लवकर साफ होणार आहे का? जा, कुठं तरी फिरून या."

भाच्याची गिअरची सायकल घरी धूळ खात पडली होती. ती झाडून घेतली, टायर-ट्यूब बदलले, आणि दवाखान्याच्या फाटकापासून सुरुवात केली. आधी सेवाग्राम, मग पवनार, मग देवळी, सेलू, वायगाव. सव्वासहाला निघायचं आणि सव्वादहापर्यंत परत यायचं, म्हणजे हिशेब साधा: दोन तास जायचं, दोन तास यायचं. मला वेळेचं भान राहत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनेच माझ्या मोबाईलवर सव्वाआठचा गजर लावून दिला आणि त्याला नाव दिलं, 'वळा आता'.

परत आलो की ती मशीनला लावलेल्या हाताने हलायचं नाही म्हणून नुसती मान वळवायची आणि विचारायची, "आज काय दिसलं?" मग मी सांगायचो. तुरीला फुलं आली. धाम नदीला पाणी वाढलं. देवळी रोडवर बंडीचा बैल बसला आणि उठेचना. साडेतीन वर्षं मी रस्त्यावर जे बघितलं ते तिला सांगण्यासाठी बघितलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ती गेली. डायलिसिसवरच्या माणसाच्या हृदयावर फार ताण येतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि झालेलं यात अंतर असतं. दुपारी आडवी झाली ती उठली नाही. संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून बोजारा मागायला दारात आली आणि घरातली गर्दी बघून गुपचूप परत गेली. तिने त्यांच्यासाठी दहाच्या नोटा सुट्ट्या करून देवघरात ठेवल्या होत्या.

एक गोष्ट लिहितो. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथे बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते, मांजर गुरगुरावं तशी. ती थरथर चालू आहे ना हे रोज तपासायचं, असं नर्सने शिकवलं होतं. ते काम माझं. रात्री दिवा मालवला की मी तिच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवायचो आणि तशीच झोप लागायची. त्या दिवशीही, लोक जमायच्या आधी, मी बोटं ठेवून पाहिली.

माझा छोटा छापखाना आहे. आयुष्यभर लोकांच्या लग्नपत्रिका आणि तेरवीच्या पत्रिका जुळवल्या. तिची पत्रिकाही मीच जुळवली. 'कै. सौ.' असं टाइप केलं आणि पुढचं नाव टाइप करायला बराच वेळ लागला.

पुढचे तीन महिने मी काही वेड्यासारखा वागलो नाही. दुकान उघडत होतो, जेवत होतो. फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवारी पहाटे साडेचारला जाग यायची, आणि आपल्याला कुठं तरी पोचायचं आहे असं वाटत राहायचं. सव्वाआठला गजर वाजायचा. तो काढून टाकायला हात होत नव्हता. सायकलला तर मी शिवलोच नव्हतो.

तिचं माहेर सावली तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाजवळ. धानाचा मुलूख. नोव्हेंबरात सासूबाईंचा फोन आला. "जवाईबापू, एकडाव येऊन जा ना." मी बसने जायचं ठरवलं होतं. पण त्या रात्री एक आठवण झाली. लहानपणी ती घरच्यांसोबत बंडीत बसून मार्कंड्याच्या जत्रेला गेली होती, आणि पुढे चपराळ्याला, जिथे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि त्यांची प्राणहिता होते. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आजोबांनी म्हटलं होतं म्हणे, पोरगी वैनगंगेकाठची, पोरगा वर्धेकडचा, चपराळ्याला जाऊन नारळ फोडा. आमचं ते राहिलं ते राहिलंच. छत्तीस वर्षं राहिलं.

तयारी म्हणावी अशी काही केली नाही. आठ दिवस रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बघितली, कारण तीन महिन्यांत पाय पार जाम झाले होते. मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या, दोन ट्यूब, पंप, पॅच, चादर, स्वेटर, बीपीच्या गोळ्या. पुण्याहून मुलीने फोनवर अर्धा तास समजावलं, मग रडली, मग म्हणाली, "लोकेशन चालू ठेवा बाबा." छप्पन्नाव्या वर्षी एकट्याने असं निघणाऱ्याने हे एवढं ऐकावंच. मी रोज संध्याकाळी तिला फोन केला.

एक वस्तू मात्र ठरवून घेतली. तिचा पाण्याचा पेला.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. लघवी होत नाही, म्हणून प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, दम लागतो. तिला दिवसाला आठशे मिली होतं, चहा, वरण सगळं धरून. स्टीलचा शंभर मिलीचा पेला होता, त्याच्या मध्यावर तिने लाल नेलपॉलिशची खूण केली होती, म्हणजे अर्धा कळावा. देवघराजवळ दोन वाट्या असायच्या. सकाळी एका वाटीत तुरीचे आठ दाणे. एक पेला प्यायली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. मे महिन्यात, वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा, दुपारी दोनलाच वाटी रिकामी व्हायची आणि ती ओठांवरून बर्फाचा तुकडा फिरवत बसायची. संत्रं बंद, नारळपाणी बंद, त्यात पोटॅशियम असतं म्हणून. आपल्या विदर्भात हिवाळाभर संत्र्यांचे ढीग लागतात रस्त्याच्या कडेला. ती त्यांच्याकडे बघायची नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, सव्वासहाला निघालो. मुद्दाम तीच वेळ धरली असं नाही, जाग यायची तेव्हाच आली.

थंडी चांगलीच होती. वायगावच्या पुढे हिंगणघाट रोडला दोन्हीकडे कापूस फुटलेला, मधे तुरीचे तास. पाय चालत होते, डोकं रिकामं होतं. आणि सव्वाआठला गजर वाजला. 'वळा आता.' मी ब्रेक मारला, डावा पाय टेकवला, मागून गाडी नाही ना हे पाहिलं आणि सायकल वळवली. वर्ध्याच्या दिशेने वीसेक पायडल मारलेही. मग लक्षात आलं.

रस्त्याच्या कडेला एक निंबाचं झाड होतं. त्याला सायकल टेकवून बसलो. किती वेळ, आठवत नाही. रडू आलं असंही नाही. नुसतं कळत नव्हतं की आता या हँडलचं करायचं काय. साडेतीन वर्षांत या वेळेच्या पुढचा रस्ता मी कधी बघितलाच नव्हता. शेवटी एक म्हातारा शेतकरी सायकलवर गवताचा भारा घेऊन वर्ध्याकडून येत होता, तो थांबला. "पंचर झाली काय जी?" म्हटलं, नाही. "मंग चाला ना." तो पुढे निघाला, आणि मी त्याच्या मागे.

हिंगणघाटच्या पुढे ऊन चढलं आणि पाणी लागायला लागलं. सायकल चालवताना दिवसाला पाच-सहा लिटर सहज जातं. मी बाटली तोंडाला लावत होतो आणि डोक्यात आपोआप दाणे पडत होते. एक, दोन, तीन. बाटलीभर म्हणजे दहा दाणे. दुपारपर्यंत मी तिचं तीन दिवसांचं पाणी पिऊन बसलो होतो. घसा ओला होत होता आणि आपण कुणाचं तरी पाणी पितो आहोत असं वाटत होतं. हे कुणाला सांगून पटणार नाही. ज्यांच्या घरी असा पेला आहे त्यांना पटेल.

एका धुऱ्यावर वेचणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या, कमरेच्या ओट्या सोडून बाजूला ठेवलेल्या. हाक मारून बोलावलं. कॅनमधलं पाणी दिलं, भाकर आणि वांग्याची भाजी दिली. त्यातली वयस्कर बाई विचारायला लागली, "एकलेच काय जी? घरच्या बाई कुठी हायेत?"

मी म्हटलं, "घरी आहे."

"येवढ्या लांब सोडते तुमाले एकल्याले?"

"सोडते," मी म्हटलं.

त्या दिवशी हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. आपल्याकडे पाणी दिल्यावर दुसरा प्रश्न हाच असतो, त्यात वावगं काही नाही. चारही वेळा मी तिला घरी ठेवलं. रात्री नंदोरीजवळच्या एका गावात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झोपलो, आणि तिथल्या पुजाऱ्यालाही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वरोऱ्याच्या अलीकडे चहा शोधत एका गावात शिरलो. गावातला रस्ता नवा, सिमेंटचा, त्यावर आडव्या बारीक खाचा ओढलेल्या. सायकल त्यावर चढली आणि हँडलमधून तळहातात बारीक थरथर यायला लागली. सारखी, एका लयीत. मी दोन्ही हातांची बोटं सैल सोडून तशीच ठेवली. रस्ता दोनशे-तीनशे मीटरचा असेल. शेवटाला पोचलो, वळलो, पुन्हा पहिल्यापासून आलो. असं चार वेळा केलं. ओट्यावरची पोरं बघत होती. पाचव्या वेळेला डोळ्यांपुढचं दिसेना म्हणून उतरलो.

आनंदवनात मुक्काम केला. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळच्या या माळावर काम उभं केलं. पुढे 1985 मध्ये, पाठीच्या दुखण्याने बसताही येत नसताना, ते गाडीत आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले आणि तरुण पोरं-पोरी त्यांच्यासोबत सायकलींवर होती. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो, फार जावंसं वाटलं होतं. बाबा आणि साधनाताई तिथेच विसावले आहेत. संध्याकाळी तिथल्या झाडांखाली थोडा बसलो.

बुधवारी भद्रावतीच्या जवळ खरोखरच पंचर झाली. मागची ट्यूब, बाभळीचा काटा. बदलता आली असती, पण समोर दुकान दिसलं. दुकान म्हणजे निंबाखाली ताडपत्री आणि पाण्याचं घमेलं. त्या माणसाने ट्यूब काढून घमेल्यात दाबली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, काडीने खूण केली. पॉलिश पेपरने घासता घासता त्याची नजर हँडलला दोरीने बांधलेल्या पेल्याकडे गेली.

"हे काहून लटकवलं जी? बाटली तं हाये तुमच्याजवळ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बायकोचा आहे. तिला पाणी मोजून प्यावं लागायचं. किडनीचं दुखणं होतं. पोळ्याला गेली."

त्याने घासणं थांबवलं नाही. सोल्युशन लावलं, फुंकर घालून वाळू दिलं, पॅच बसवून अंगठ्याने दाबून धरलं. बराच वेळ धरलं, लागतो त्यापेक्षा जास्त. मग म्हणाला, "माझ्या भावाचंही तेच होतं. नागपूरले नेत होतो आमी, बसनं, आठवड्यातून तीन डाव." आणि मग आम्ही तिथे बसून तासभर बोललो. कोरड वाढल्यावर काय करायचं, पालेभाजी दोनदा उकळून पाणी कसं फेकायचं, घरी आल्यावर त्या दिवशी माणूस कसा गळून जातो. बाकड्यावर बसायचो तेव्हा जसं बोलायचो तसंच. मधेच सव्वाआठचा गजर वाजला. त्याने विचारलं, कसला? मी सांगितलं. ट्यूब बसवून त्याने हवा भरली, वीस रुपये मागितले, मी दिले. त्याने घेतले हे मला बरं वाटलं. निघताना पेल्याची दोरी सैल झाली होती, ती त्याने ट्यूबच्या रबराने आवळून दिली.

त्या दिवसानंतर मी कुणालाच खोटं सांगितलं नाही. दर वेळी सोपं गेलं असं नव्हे. पण 'गेली' हा शब्द तोंडाला लागला.

भद्रावती ते चंद्रपूर रस्ता सायकलवाल्याला सुखाचा नाही. कोळशाचे ट्रक, काळी धूळ, संध्याकाळी रुमाल नाकावरून काढला तर काळा झालेला. त्या रस्त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. चंद्रपुरात अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. बीरशहाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने बांधून घेतली, आणि पुढे चांद्याचा कारभारही तिनेच पाहिला. समाधीच्या दगडावर हात ठेवून उभा राहिलो. राणीकडे दगड होता आणि कारागीर होते. माझ्याकडे आठ दाण्यांच्या दोन वाट्या घरी तशाच ठेवलेल्या आहेत, त्यातले तीन दाणे अजून पहिल्या वाटीत आहेत. पाच पेले झाले होते त्या दिवशी दुपारपर्यंत.

चंद्रपूर ते मूल हा जंगलातला रस्ता. लॉजवाल्याने बजावलं, "नऊच्या आधी निघू नका, वाघ रस्त्यावर असतात." इकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, दर काही दिवसांनी गुराखी नाही तर मोहाला, सरपणाला गेलेली बाई वाघाने नेल्याची बातमी असते. नऊला निघालो तरी चिचपल्लीच्या पुढे रस्ता एकदम सुना झाला. सागाची वाळलेली पानं, आणि मधेच झाडीत काही तरी खसखसलं. माझ्या पाठीवरून थंड धार गेली. मी गिअर टाकून जीव खाऊन पायडल मारले, समोरून एसटी येईपर्यंत. एसटी गेली तेव्हा ध्यानात आलं की आपण घाबरलो होतो. पोळ्यापासून मला कशाचीच भीती वाटली नव्हती. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचंही मी सोडून दिलं होतं, आणि हे मी मुलीला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी सासुरवाडीला पोचलो. मूलच्या पुढे सगळा धानाचा देश लागतो. कापणी होऊन गेली होती, बांध्यांमधे ठिकठिकाणी धानाचे पुंजणे, कुठे मळणी यंत्राचा धुरळा. गावाच्या तोंडाशी तलाव, त्याच्या पाळीवरून रस्ता. एका घराच्या भिंतीवर झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर होतं, रात्रीच्या प्रयोगाचं. तिला नाटकाचं फार वेड. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि नाटक म्हटलं की ती दर हिवाळ्यात माहेरी पळायची, मग डायलिसिस लागलं आणि पळणं संपलं.

सासूबाई छपरीत बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत. मला बघून उठायला लागल्या, मी वाकून पाया पडलो. सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता आत गेल्या आणि पितळी गडव्यात काठोकाठ पाणी भरून आणलं.

या गडव्याची एक आठवण आहे: आजारपणात ती एकदाच माहेरी आली होती, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी, गाडी करून. सवयीने आईने हाच गडवा पुढे केला. तिने तो घेतला, दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला, आणि पिशवीतून आपला पेला काढून त्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतून घेतलं. बाकीचं परत दिलं. सासूबाई तेव्हा चुलीजवळ जाऊन बसल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी गडवा हातात घेतला. तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि थांबलो. मी थांबलो ते त्यांनी पाहिलं.

"प्या जवाईबापू," त्या म्हणाल्या. "पोटभर प्या. इथं कोनी मोजत नाही."

मग मी प्यालो. सगळं. शेवटचे घोट रडण्यात मिसळून गेले आणि थोडं सदऱ्यावर सांडलं. त्यांनी रिकामा गडवा घेतला, पुन्हा भरून आणला आणि या वेळी स्वतः प्यायल्या.

दोन दिवस राहिलो. जवाई आला म्हणून कोंबडं कापायला निघाले होते, मी नको म्हटलं तर मेहुणीने वडे आणि वाटाण्याची उसळ केली. शनिवारी रात्री नाटकाला गेलो, सासूबाई शाल पांघरून पहाटेपर्यंत बसल्या. निघताना त्यांनी पेला हातात घेतला, नेलपॉलिशच्या खुणेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "हा मले ठेवू देता काय?"

मला देता आला नाही. म्हटलं, परतीच्या वेळी बघू.

रविवारी व्याहाडजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली, मग चामोर्शी, आणि तिथून मार्कंडा. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून लोक या जागेला काशीसारखं मानतात. देवळांच्या भिंतींवरच्या दगडी मूर्ती संध्याकाळच्या उन्हात बघितल्या. तिने सांगितलेली जत्रा महाशिवरात्रीची, बंड्यांच्या रांगांची. डिसेंबरात घाटावर मी आणि दोन नावाडी होतो. रात्री अंधार पडता पडता आष्टीला पोचलो.

सोमवारी सकाळी उजाडल्यावर निघून आठच्या सुमाराला चपराळ्याला. संगमावर वाळू फार. पाणी डिसेंबरात उथळ, पलीकडे तेलंगण. वर्धा मुलताईकडून सातपुड्यातून येते, वैनगंगा शिवनीकडून, आणि इथे दोघी एकत्र होतात ते कुठे होतात हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मी वाळूत बसून बघत होतो. नारळ आणला होता, तो फोडला. सव्वाआठला गजर वाजला. बंद केला. काढून टाकला नाही, तो अजून वाजतो.

चामोर्शीत घेतलेली दोन संत्री पिशवीत होती. ती सोलून खाल्ली, बिया वाळूत टाकल्या. मग काय काय दिसलं ते मनातल्या मनात सांगत बसलो. तुरीचे तास, सिमेंटचा रस्ता, पंचरवाला, वाघाची भीती, नाटक, आईचा गडवा. सगळं सांगून व्हायला बराच वेळ लागला. ऊन तापायला लागलं तेव्हा उठलो.

परत सायकलनेच सासुरवाडीपर्यंत आलो. एकूण साडेचारशेच्या आसपास किलोमीटर झाले असतील. तिथून वर्ध्याला मात्र बसने, कारण छापखान्यात लग्नसराईच्या पत्रिका खोळंबल्या होत्या. मेहुण्याने सायकल बसच्या टपावर दोरीने बांधून दिली. सासूबाई थांब्यापर्यंत काठी टेकत आल्या होत्या. पेला माझ्या खिशात होता आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"आई," मी म्हटलं, "पुढच्या वेळी आणून देतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग होळीच्या आंगं येजा. तवा मोहं पडते."